सिंहगड–कोंढणपूर–कात्रज: माउंटन बाइकवरचा अवघड फेरा कसा आखायचा

पुण्यातला सायकलवाला ‘सिंहगड मारून आलो’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो गडाच्या पायथ्याच्या डोणज्यावरून वर जाऊन त्याच वाटेने खाली आलेला असतो. त्यात वावगं काही नाही. पण गडावरून उतरताना डोणज्याकडे न वळता कोंढणपूरच्या अंगाने डोंगर ओलांडला, शिवगंगेच्या खोऱ्यातून खेड शिवापूर गाठलं आणि जुन्या कात्रज घाटाने पुन्हा पुण्यात उतरलं, की पूर्ण फेरा होतो. भुलेश्वर रांगेचा जो तुकडा ट्रेकवाले ‘के टू एस’ (कात्रज ते सिंहगड) म्हणून रात्री पायी तुडवतात, त्याला ही सायकलवरून प्रदक्षिणाच. स्वारगेटपासून धरलं तर अंतर साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलोमीटर भरतं आणि एकूण चढाई हजार मीटरच्या पुढे जाते.

एकच रांग दोनदा ओलांडायची आहे, हे आधी डोक्यात पक्कं करा. पहिल्यांदा सिंहगडाच्या बाजूला, दुसऱ्यांदा कात्रजला. सगळी चर्चा पहिल्या चढाची होते, पण माणसं अडतात दुसऱ्यावर. कात्रजचा चढ उंचीने सिंहगडाच्या निम्माही नाही. तो समोर येतो मात्र पन्नासेक किलोमीटर झाल्यावर, अकराच्या उन्हात, पाणी संपत आलेलं असताना. म्हणून कधी निघायचं, कोणता गिअर हवा, किती खायचं, गडावर किती वेळ बसायचं, हे सगळं कात्रजवरून उलटं मोजत ठरवा.

दिशा कोणती?

खडकवासल्याकडून जायचं आणि कात्रजकडून यायचं. उलट्या बाजूने जाणारेही आहेत, पण मला ते पटत नाही. डोणज्याकडचा घाट डोंगराच्या उत्तर अंगाला आहे. हिवाळ्यात सकाळी तिथे बराच वेळ सावली असते आणि मोठा चढ थंडाव्यात निघतो. उलट दिशेने आलात तर त्याच घाटाने उतरायचं उशिरा, म्हणजे गाड्यांची आणि जीपची रांग वर चढत असताना. सुट्टीच्या दिवशी त्या अरुंद वळणांवर समोरून दोन गाड्या एकमेकींना ओव्हरटेक करत येतात. चढताना तुम्ही ताशी सहाच्या वेगात असता, बाजूला होता येतं. उतरताना तेच जमेल असं नाही.

दिवसही जमलं तर रविवार सोडून घ्या. रविवारच हातात असेल तर अंधारात निघणं आलंच.

हंगाम

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डोंगर हिरवा असतो, पण दुपारचं ऊन झोंबतं. डिसेंबर-जानेवारीत गवत पिवळं पडलेलं असतं, हवा मात्र सायकलला लागते तशी. पावसाळ्यात फोटो छान येतात हे खरं. पण काँक्रीटवर शेवाळ धरतं, दरडीचे दगड रस्त्यावर येतात आणि धोका वाटला की घाट बंदही ठेवतात. पावसात जायचंच असेल तर आदल्या दिवशी घाट चालू आहे ना, हे विचारून घ्या आणि फेऱ्याचा बेत सोडून नुसतं वर-खाली करा. मार्च उजाडला की हा फेरा पुढच्या हंगामावर टाकलेला बरा.

नकाशा घरी बसून बनवा

कोणाचा तरी तयार ट्रॅक, म्हणजे मार्गाची जीपीएस रेघ, उतरवून घेणं सोपं, पण त्यात त्या माणसाच्या चुका आणि त्याच्या सोसायटीचं गेट दोन्ही येतं. स्वतः बनवायला अर्धा तास लागतो. नकाशाच्या अॅपमध्ये हे थांबे क्रमाने टाका: खडकवासला धरण, डोणजे फाटा, गोळेवाडी, सिंहगडाचा वाहनतळ, तिथून परत खाली कोंढणपूर फाटा, कोंढणपूर, खेड शिवापूर, शिंदेवाडी, जुना कात्रज बोगदा, कात्रज चौक. दोन ठिकाणी डोळ्यात तेल घालून बघावं लागतं.

पहिलं ठिकाण शिंदेवाडी. वाटा शोधणारी यंत्रणा जवळचा मार्ग म्हणून तुम्हाला बिनदिक्कत महामार्गाच्या नव्या बोगद्यात घालते. त्यात सायकल घालायची नाही. ट्रक, धूर आणि कडेला जागा नाही. म्हणून जुन्या बोगद्यावर बोट ठेवून रेघ तिकडून ओढून घ्या आणि पडद्यावर मोठं करून ती खरंच जुन्या घाटाच्या वळणांवरून जाते ना, ते पाहा.

दुसरं ठिकाण चढाईचा आलेख. बहुतेक अॅप उंची जमिनीच्या नकाशावरून काढतात. बोगदा आला की त्यांना वाटतं सायकलवाला डोंगराच्या माथ्यावरूनच गेला. त्यामुळे जुन्या कात्रज बोगद्यापाशी आलेखात एक सुळका उभा दिसतो आणि शंभर टक्क्यांच्या आसपासचा चढ लिहून येतो. तो खोटा आहे. घाबरू नका, आणि एकूण चढाईच्या बेरजेतून तेवढं वजा करा.

ट्रॅक फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. डोंगरापलीकडे गेल्यावर रेंज येते-जाते.

आता मधल्या रांगेबद्दल. नकाशात के टू एसची वाट ठळक दिसते आणि माउंटन बाइक आहे म्हटल्यावर मोह होतोच. ती वाट सोडून द्या. एकामागून एक टेकड्या, घसाऱ्याचे उभे उतार. त्यावर सायकल चालवण्यापेक्षा खांद्यावर घेऊन फिरणंच जास्त होतं. मातीच हवी असेल तर कोंढणपूरच्या पुढे खोऱ्यात गाडीवाटा मिळतात. शेतातून जाणारी वाट असेल तर आधी माणूस शोधा आणि ‘काका, इकडून जाऊ का?’ विचारा. सहसा नाही म्हणत नाहीत, उलट पुढे वाट कुठे बुजली आहे तेही सांगतात.

सायकल: सगळ्यात हलका गिअर किती हलका?

सिंहगडाचा शेवटचा टप्पा उभा आहे. तिथे दहा टक्क्यांच्या वरचे तुकडे लागतात. दहा टक्के म्हणजे शंभर मीटर गेलात की दहा मीटर वर. आकडा कागदावर किरकोळ वाटतो, म्हणून जरा गणित मांडू.

सायकल, सामान आणि तुम्ही मिळून वजन ८५ किलो धरा. दहा टक्के चढावर गुरुत्वाकर्षण आणि चाकांचं घर्षण मिळून साधारण ९० न्यूटन जोर तुम्हाला मागे ओढतो. जुन्या घडणीच्या सायकलला पुढच्या सर्वांत लहान चकतीला २८ दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला ३४ दात असतील, तर मिनिटाला ६० पायडल मारताना वेग येतो ताशी साडेसहा किलोमीटर आणि पायांना सतत १६५ वॉट द्यावे लागतात. पुढे ३२ आणि मागे ५० दातांची आजची माउंटन बाइक असेल, तर तितक्याच पायडलला वेग ताशी सव्वापाच आणि गरज १३५ वॉटची. तीस वॉटचा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही, तासाभराने गुडघे सांगतात. नियमित चालवणाऱ्या पण शर्यतीत न उतरणाऱ्या माणसाला १३० ते १४० वॉट बराच वेळ झेपतात. १६५ ला तो कात्रजसाठीचं भांडवल सिंहगडावरच उधळतो.

तुमच्याकडे पुढे तीन चकत्या असतील तर सर्वांत लहान चकतीवर साखळी खरंच जाते का, हे आदल्या आठवड्यात एखाद्या चढावर बघा. सपाट रस्त्यावर ती महिनोन्महिने वापरली जात नाही आणि नेमकी घाटात साखळी तिच्यावर जायला नकार देते.

टायर दोन इंच ते सव्वादोन इंच पुरे. मोठे खिळे असलेला चिखलाचा टायर या रस्त्यावर नुसता ओढतो, कारण बराचसा भाग डांबर आणि काँक्रीट आहे. सत्तर किलोच्या माणसाने ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवेचा दाब तीस पीएसआयच्या आसपास ठेवावा. फार कमी ठेवला तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब चिमटते, फार जास्त ठेवला तर तुटक्या रस्त्यावर मनगटं दुखतात. खोऱ्यात बाभळीचे काटे आहेत. दोन जादा ट्यूब, पॅचेस, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप प्रत्येकाकडे हवा, गटात एकाकडे आहे म्हणून चालणार नाही. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवायला विसरू नका. काटा टायरमध्येच अडकलेला असतो आणि नवी ट्यूबही दोन मिनिटांत पंक्चर होते.

ब्रेकचे पॅड उजेडात धरून पाहा. डिस्क ब्रेकच्या पॅडवरचा घासणारा थर एक मिलिमीटरवर आला असेल तर बदलून घ्या, ‘हा फेरा निघेल’ असं म्हणू नका. या वाटेवर तीन उतार आहेत.

खाणं आणि पाणी

बाटल्या दोन, एकूण दीड लिटर तरी. तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, ऊन चढल्यावर अधिक. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. भरून घ्यायच्या जागा: डोणजे, गड, कोंढणपूर, खेड शिवापूर. खेड शिवापूरला बाटल्या काठोकाठ भरल्याशिवाय पुढे सरकू नका, मग तहान असो वा नसो.

खायचं ते भूक लागायच्या आधी. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर यावर आमचं भागतं. महागड्या जेलच्या पुड्या लागतात असं मला वाटत नाही, आणि त्यांची रिकामी पाकिटं घाटात पडलेली दिसतात त्याचा राग वेगळाच.

गडावरच्या पिठलं-भाकरीबद्दल दोन शब्द. ती खायचीच, कांद्याची चटणी, ठेचा, मडक्यातलं दही, सगळं. पण एक भाकरी, दोन नाही. त्यावर कांदाभजीची प्लेट तर मुळीच नको. तेलकट पोट घेऊन कात्रज चढता येत नाही. गरमागरम भजी समोर असताना हे कोणी ऐकत नाही हेही ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो.

वेळापत्रक

हिवाळ्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. चढाचा वेळ अंतरावर काढू नका, उंचीवर काढा. बेताची तयारी असलेला माणूस तासाला चारशे मीटर चढतो, चांगला पाचशे. डोणज्यापासून वाहनतळापर्यंत सहाशे मीटर धरले तर सव्वा ते दीड तास. त्यावरून असं बसतं:

साडेपाचला स्वारगेटहून पुढचा-मागचा दिवा लावून निघा. सिंहगड रस्ता या वेळी मोकळा मिळतो, तासाभराने मिळणार नाही. पावणेसातला डोणजे. साडेआठच्या आत गडाचा वाहनतळ. सव्वानऊला तिथून सुटायचं. दहाच्या आगेमागे कोंढणपूर, पावणेअकराला खेड शिवापूर, सव्वाअकराला कात्रजचा पायथा, बाराला जुना बोगदा आणि पाऊणपर्यंत घरी.

यात सगळ्यात महत्त्वाची वेळ मी अजून लिहिलेली नाही. ती आहे गडावरून खाली येताना कोंढणपूर फाट्याची.

कोंढणपूर फाटा: इथे निर्णय घ्या

घाटाच्या वरच्या भागात रस्ता फुटतो. एक फाटा गडावर जातो, दुसरा डोंगर ओलांडून कोंढणपूरला उतरतो. गडावरून परत येताना याच फाट्यावर सायकल बाजूला लावा, खाली उतरा आणि पाच मिनिटं द्या. कारण इथून डोणज्याकडे वळलात तर पुढे नुसता उतार आणि मग सपाट रस्ता. काही बिघडलं तरी घरंगळत घरी जाता येतं. कोंढणपूरकडे वळलात की पुण्यात यायला डोंगर पुन्हा चढावाच लागतो. दुसरी वाट नाही.

तेव्हा स्वतःला आणि गटाला हे विचारा. पावणेदहा वाजून गेलेत का? कोणाचा पायाचा गोळा चढताना आवळला होता का? कोणी शेवटच्या अर्ध्या तासात बोलणंच बंद केलंय का? ब्रेक दाबल्यावर ब्रेकची दांडी मुठीपर्यंत येते का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर सगळ्यांनी डोणज्याकडे वळायचं. ‘तू जा, आम्ही पूर्ण करून येतो’ हे करायचं नाही. दमलेला माणूस एकटा घाट उतरतो तेव्हाच गडबड होते. आणि हा नियम आदल्या रात्री ग्रुपवर टाकून ठेवा. फाट्यावर उभं राहून तो ठरवायला गेलात तर सगळ्यात तगडा असतो त्याचंच खरं होतं.

गोळेवाडीहून वर येतानाही हा फाटा लागतोच. पाय तेव्हाच भरून आले असतील तर गड सोडून थेट कोंढणपूरकडे जाण्याचा पर्याय आहे. फेरा तरीही पूर्ण होतो, वरचा सर्वांत उभा तुकडा तेवढा वाचतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच सुचवेन. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीचं दर्शन दुसऱ्या एखाद्या दिवशी निवांत घ्या. सायकल वाहनतळावर ठेवून, घामेजल्या अंगाने, घड्याळ बघत गड पाहणं तसंही काही खरं नाही.

चढायचं कसं, उतरायचं कसं

चढाला एकच कसोटी: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तोडून तोडून शब्द येऊ लागले की एक गिअर हलका करा. उभ्या वळणावर आतली कड टाळा, ती बाहेरच्या कडेपेक्षा बरीच उभी असते. पण बाहेरून जाताना मागच्या गाडीचा आवाज आधी ऐका. खोगिराच्या पुढच्या टोकाकडे सरका आणि छाती थोडी खाली घ्या, म्हणजे पुढचं चाक उचलत नाही. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदलायचा. भर चढावर जोर लावून बदललात तर ‘कडाक्’ असा आवाज येतो आणि साखळी तुटायची वेळ येते.

उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करा, मग सोडा, वळण घ्या, पुन्हा दाबा. सतत घासत राहिलं की डिस्क तापते, जळकट वास येतो आणि ब्रेकचा जोर कमी होत जातो. तो वास आला तर थांबा, पाच-दहा मिनिटं निवू द्या. डिस्कला हात लावून बघायचं नाही, कातडी चिकटते. नजर चाकासमोर नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. बाहेरच्या पायाचं पायडल खाली. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली फट आणि रस्त्याच्या कडेची खडी, या दोन गोष्टींवरून तिरकं जायचं नाही.

कोंढणपूरकडचा उतार गर्दी कमी म्हणून मोकळा वाटतो आणि तिथेच वेग सुटतो. वळणापलीकडे म्हशी असू शकतात. कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरा आणि चालू लागा.

खोरं आणि मग कात्रज

कोंढणपूर हे तुकाईदेवीचं गाव. देवळापाशी सावली आहे, पाणी मिळतं, चहाही. इथून खेड शिवापूरपर्यंत रस्ता डोंगराला डावीकडे ठेवून खोऱ्यातून जातो. फेऱ्यातला सगळ्यात सुंदर भाग हाच: सुगीच्या दिवसांत भाताची खाचरं, खळी, आणि वर आडवी पसरलेली ती रांग, जिच्या पलीकडून तुम्ही सकाळी आलात. छोटे चढ-उतार आहेत. इथे जोर करायचा नाही, हलक्या पायाने फिरवत राहायचं.

खेड शिवापूरला कमर अली दरवेशांचा दर्गा आहे. अकरा जणांनी एकेक बोट लावून दगड उचलायची तिथली रीत प्रसिद्ध आहे. वेळ असेल तर बघा. मग महामार्ग. हा तुकडा लांब नाही, पण फेऱ्यातला सगळ्यात धोक्याचा आहे. जिथे सेवा रस्ता आहे तिथे तोच घ्या, नसेल तिथे एका ओळीत कडेने, दिवसाही मागचा लाल दिवा चालू ठेवून. उलट्या बाजूने जायचा मोह नको, कितीही जवळ वाटलं तरी.

शिंदेवाडीपाशी नव्या बोगद्याकडे जाणारी वाहतूक सोडून जुन्या घाटाला लागा. चढायच्या आधी थांबून एक केळं खा, अर्धी बाटली पाणी प्या, डोक्यावर थोडं ओता. डोंगराची ही दक्षिण बाजू, सावली फारशी नाही. पहिल्या वळणापासूनच सर्वांत हलका गिअर लावा. सकाळच्या मानाने चढ सौम्य आहे म्हणून जड गिअर लावणारे अर्ध्यावर पाय टेकतात. जुन्या बोगद्यात शिरण्यापूर्वी गॉगल काढा. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर काही क्षण खड्डाही दिसत नाही. बोगद्याजवळच वाघजाईचं देऊळ आहे, के टू एसवाले तिथूनच डोंगरावर चढतात.

पलीकडे कात्रजचा उतार आणि थेट शहराची वाहतूक. हात घामाने निसरडे झालेले असतात, आधी पुसून घ्या.

जाताना घरी काय सांगून ठेवायचं

मार्ग, निघायची वेळ, आणि ‘दोनपर्यंत फोन आला नाही तर विचारपूस करा’ एवढं. फोनमध्ये ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लक्षात असू द्या. खिशात रक्तगट लिहिलेली चिठ्ठी, थोडी रोख रक्कम, एक बँडेज पट्टी. हेल्मेटबद्दल सांगायला नको, हातमोज्यांबद्दल सांगतो: पडताना माणूस आधी तळहात टेकतो.

पहिल्या फेऱ्यानंतर आठवडाभर सायकल तशीच उभी ठेवू नका. त्याच संध्याकाळी साखळी पुसून तेल द्या, टायरमधले काटे आणि खडे उपसून काढा आणि पॅड पुन्हा एकदा उजेडात धरा. सकाळच्या मानाने ते बरेच झिजलेले असतील.